पॉन्टियाकचा टप

कार्देनास,
११ मार्च २०१६

प्रिय नेरेइदाताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तिकडे समुद्रापलीकडे हायलियात सगळे मजेत असाल असं धरून लिहायला बसलोय. इकडचं विचारलंस तर ठीक म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून ठीक.

पार्सल पोचलं. टॅक्सीवाल्या ओरेस्तेसची मेव्हणी तिकडून आली तेव्हा तिनं ते घरी आणून दिलं आणि उघडून बघेपर्यंत हलली नाही. मलम, दाढीची पाती, दूध पावडर, सुया, सगळं कामाचं आहे. पापांसाठी पाठवलेल्या चपला छान मऊ आहेत, त्यांचं काय करायचं ते पुढे बघू. गाडीला लावायच्या मेणाचे दोन डबेही मिळाले. ताई, आता मेण पाठवू नकोस. मागचे चार डबे न फोडलेले पडलेत. त्या जागेत साबण घाल.

पापांबद्दल फोनवर सांगितलं त्याहून नवीन काही नाही. न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, घरी आणलं. आता पुढच्या खोलीत खिडकीजवळ त्यांचा पलंग लावलाय. सकाळी मालांगाचा कंद कुस्करून देतो, कोंबडी मिळाली तर दुपारी तिचं पाणी. शहाऐंशी वर्षांच्या माणसाचं हाड लवकर सांधत नाही असं डॉक्टर म्हणाले. चालतील की नाही हे ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. फोनवर त्यांच्याशी बोलायचा हट्ट करू नकोस. शेजारच्या एदुविहेसच्या घरापर्यंत त्यांना उचलून न्यायला चार माणसं लागतील, आणि फोन तिचा असल्यामुळे पाचवी ती स्वतः.

तुझ्या येण्याबद्दल. तीस एप्रिलचं तिकीट काढलंस हे ऐकून पापा पडायच्या आधी महिनाभर किती खूश होते ते तुला माहीतच आहे. "मीच तिला सोडली, मीच तिला आणणार, त्याच गाडीतून," हे त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला ऐकवलं, दूधवाल्याच्या घोड्यालासुद्धा. पण आता ते होणं नाही. विमानतळावरून सरळ टॅक्सी कर. गाडीचं थोडं काम काढलंय.

खरं सांगू का, जूनमध्ये ये. तोवर पापा उठून बसतील, आंबेही असतील. बावीस वर्षं आली नाहीस, दरवर्षी काही ना काही निघालं. आणखी दोन महिन्यांनी काय मोठं बिघडणार आहे?

भाऊजींचा रक्तदाब कसा आहे ते कळव.

तुझा भाऊ,
एवेलियो


कार्देनास,
३ एप्रिल २०१६

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक फोटो आणि त्याच्यामागे एक ओळ. तुझ्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी पुतण्यानं वारादेरोला मजा केली आणि जगाला दाखवली. गुलाबी गाडी, मागच्या सीटवर उभे राहून हात पसरलेले दोन लालबुंद टूरिस्ट, आणि पुढे बॉनेटवर तो पिवळ्या काचेचा आदिवासी सरदार, नाक वर करून. मागे तू लिहिलंयस, "ही आपली पॉन्टियाक आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही."

हो.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण मग तू तिकडे बसून तुझ्या मनानं काय काय जोडशील ते मला माहीत आहे. तेव्हा ऐक.

साखर कारखाना बंद पडल्यापासून मी काय करतोय ते तू कधी विचारलं नाहीस. सायकली दुरुस्त करतो. एकोणीस वर्षं बॉयलर वेल्ड केलेला माणूस सायकलीच्या ट्यूबांना ठिगळं लावतो. आणि इथून पंधरा किलोमीटरवर, वारादेरोच्या हॉटेलांबाहेर, ओरेस्तेस आपली उघडी शेवरोले लावून टोपी तिरकी करून उभा असतो. लोक त्याच्या गाडीसाठी रांग लावतात. टप असलेल्या गाड्या तिथे कुणाला नको असतात. त्या आपल्यासारख्यांनी आठ-आठ जण कोंबून बाजाराला जायच्या.

मागच्या ऑक्टोबरात तो आपल्या शेडमध्ये आला, पॉन्टियाकभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "ही अशी म्हातारीसारखी झाकून काय ठेवलीस? वरचं उडव."

"चार दारांची आहे. हिचा टप कापायचा नसतो."

"कोण बघतंय किती दारं आहेत? त्यांना फोटो हवा असतो गड्या, गाडी नको असते."

"पापांची आहे रे ती."

"पापांना दिसतंय का?"

हे वाक्य त्याचं आहे, माझं नाही. पण ते मी मनात घेऊन झोपलो आणि सकाळी उठलो तेव्हा ते माझं झालं होतं.

मी क्रेसेन्सियोकडे गेलो. आठवतो ना, पापांचा दोस्त, डेंटर, एक डोळा बारीक करून बघणारा? अजून हातोडी चालवतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "आधी पोट, मग डोकं. चारही दारं बंद ठेवून खालून दोन लांब लोखंडी चॅनल वेल्ड कर. आतून आडवे पाइप टाक. महिनाभर तशीच चालव. दारं गप बसली तर टपाला हात लाव. या गाडीला तिचा टपच उभं धरून ठेवतो, समजलं? आणि मला विचारशील तर लावूच नकोस. बाल्दोमेरोला विचारलंस?"

मी म्हटलं, पापांना विचारलंय.

चॅनल काही मिळाले नाहीत. आज येतील, सोमवारी येतील. तोवर नोव्हेंबर लागला, विमानं भरभरून यायला लागली, आणि ओरेस्तेसनं कुणाचा तरी ग्राइंडर दोन दिवसांसाठी आणून दिला. मी म्हटलं, बॉयलर वेल्ड केलेत मी, माझ्या सांध्यातून कधी वाफ सुटली नाही, ही तर नुसती गाडी. आधी डोकं कापू, पोटाचं मग बघू. एका दिवसात टप उतरवला. खोटं कशाला सांगू, पहिला अर्धा तास ती सुंदर दिसली. मी ओट्यावर बसून नुसता बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी मागचं डावं दार लागेना. आठवड्यानं चारही. गाडी मधोमध दोन बोटं खचली होती. मग चॅनल आले, तेव्हा मी ते खालून वेल्ड केले, म्हणजे ती जशी वाकली होती तशीच कायमची पक्की केली. क्रेसेन्सियो एकदा येऊन बघून गेला. जाताना थुंकला. दाराच्या फटीत माझी मूठ जाते, ताई. जी दारं पापा एका बोटानं ढकलायचे आणि कपाटासारखी गप्पकन लागायची, त्यांना मी आतून घराच्या दाराच्या कड्या बसवल्यात.

आणि गुलाबी. टूरिस्टना गुलाबी लागतो. फ्रिजच्या कॉम्प्रेसरनं रंग मारला, तो ओघळला, वाळला, वर पुन्हा मारला. बॉनेटवरच्या त्या चंदेरी पट्ट्या, ज्या पापा जुन्या बनियननं घासायचे, त्या निघाल्या नाहीत म्हणून त्यांच्यावरूनच मारला. सीटांवर पांढरं प्लॅस्टिक ताणलं. कापलेल्या पत्र्याची धार कुणाला लागू नये म्हणून बागेतला पाण्याचा पाइप उभा चिरून कडेनं बसवला. तुझ्या फोटोत तो नीट दिसत नाही, नशीब समज.

इंजिनाला मात्र मी हात लावला नाही. इथल्या प्रत्येक गाडीत आता ट्रॅक्टरचं नाहीतर बोटीचं डिझेल धडधडतं. आपलं आठ सिलिंडरचं जसंच्या तसं आहे. भोंगा तोच, गिअरची कुरकुर तीच. जे जे ऐकू येतं ते सगळं मी शाबूत ठेवलं. का ते तुला कळलं असेल.

पापांना यातलं काही माहीत नाही. काचबिंदूनं नजर गेल्यापासून ते रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसायचे, म्हणून टप कापायच्या आधीच ती मी ओरेस्तेसच्या आवारात हलवली आणि सांगितलं, तळाचा पत्रा गंजलाय, पार्ट मिळत नाही. या देशात पार्ट मिळत नाही म्हटल्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

झालं? आता रडून घे. पण एक लक्षात ठेव, ज्या गाडीच्या फोटोवर तू रडतेयस तिचं पेट्रोल, तिची बॅटरी, तिच्यासाठी रांगेत उभं राहणं, हे बावीस वर्षं मी केलंय. तू मेण पाठवलंस.

एवेलियो

ता. क. जूनमध्ये येण्याचं काय ठरलं?


कार्देनास,
२१ एप्रिल २०१६

ताई,

तू तिकीट बदलणार नाहीस हे कळलं. हे पत्र ओरेस्तेसच्या मेव्हणीबरोबर उद्याच देतोय, म्हणजे ते रात्रीपर्यंत तुझ्या हातात पडेल. तू घरात पाय ठेवायच्या आधी तुला हे माहीत हवं. तोंडानं सांगायची माझ्यात धमक नाही. आधी वाटलं होतं आहे.

पापा न्हाणीघरात पडले नाहीत.

फेब्रुवारीत त्यांनी धरणं धरलं. "नेरेइदा येतेय, गाडी बाहेर काढ. मला एकदा विमानतळापर्यंत जाऊन बघायचंय. शुक्रवारपर्यंत आणली नाहीस तर क्रेसेन्सियोला घेऊन मी स्वतः जातो." म्हणजे क्रेसेन्सियोच्या तोंडून कळणार. मी म्हटलं, त्यापेक्षा आणतो. सगळ्या काचा खाली आहेत असं सांगू, हळूच फिरवून आणू. आता लिहिताना कळतं की माझी अक्कल तेव्हा कुठे गहाण पडली होती, पण त्या शुक्रवारी सकाळी मला ते शक्य वाटत होतं.

अकराच्या सुमाराला गाडी दारात लावली. इंजिनाचा आवाज ऐकून ते काठी न घेता बाहेर आले. स्वच्छ शर्ट, केसांना पाणी लावलेलं. बॉनेटवरून हात फिरवत आले, सरदाराच्या नाकाला बोट लावलं. पुढचं उजवं दार मी उघडून धरलं होतं. ते नेहमी कसे बसायचे आठवतं? डोकं वाकवायचे आणि मग आत सरकायचे. तसंच डोकं वाकवलं, ताई. जिथे काही नव्हतं त्याच्याखालून ते वाकून आत गेले. मी कडी लावली आणि जाऊन स्टिअरिंगवर बसलो.

"काचा खाली आहेत का?" त्यांनी विचारलं.

"हो पापा. हवा येऊ दे म्हटलं."

"मग डोक्यावर ऊन कुठून येतंय रे?"

त्यांनी हात वर केला. आधी कोपरापर्यंत, मग पूर्ण, बोटं ताणून, पुन्हा पुन्हा. मग हात मागे नेला आणि कापलेली कड सापडली. तिच्यावरून बोटं फिरवत गेले.

"हे काय? पाण्याचा पाइप?"

"हो."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. एदुविहेस दारात उभी होती, तीसुद्धा गप्प होती, यावरून काय ते समज. मला वाटलं आता मारतील. मला ते चाललं असतं. ते म्हणाले, "चालव."

"पापा..."

"चालव म्हणतो ना. इंजिन तरी माझं आहे का बघू."

मी चालवली. ते मान वाकडी करून इंजिन ऐकत होते आणि एका हातानं काचेची चौकट धरून होते. कारखान्याच्या जुन्या रुळांवरून गाडी गेली, तुला तो दचका माहीत आहे. कडी मी लावली होती. नीट लावली होती. कडीचं वेल्डिंग सुटलं, माझं वेल्डिंग. दार उघडलं आणि पापा बाहेर गेले. मी ब्रेक दाबेपर्यंत ते मागे रस्त्यावर होते.

लोक जमले, पोलीसही आला. पापा रस्त्यावर आडवे होते, ओठ पांढरे पडलेले, आणि त्या पोलिसाला म्हणाले, "मी उतरत होतो, पाय घसरला. मुलाचा काही दोष नाही." माझ्यासाठी ते एवढंच बोलले. दवाखान्यात नर्सनं विचारलं, घरचं कोण आहे? मी त्यांचं भांडं हातात धरून शेजारी उभा होतो. ते म्हणाले, "मुलगी आहे. येतेय."

हे तुझं काही चुकलं म्हणून लिहीत नाही. लिहावं लागतं म्हणून लिहितो.

आता दुसरं. हे कुणालाच माहीत नाही.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टात पापांनी ट्रकच्या दोन फुगवलेल्या ट्यूबा पॉन्टियाकच्या टपावर दोरखंडानं बांधल्या आणि आपल्याला किनाऱ्यावर नेलं. वाटेत ट्यूबा घसरत होत्या, त्यांच्या वॉल्व्हनी टपाचा रंग खरवडला. उजवीकडे, मागच्या दाराच्या वर, चार ओरखडे. त्या ट्यूबांवर बांधलेला, तुला देशाबाहेर नेणारा तराफा पाण्यात गेला. मी गाडीतच बसून राहिलो. माझीही जागा होती त्याच्यावर, ते तुला माहीत आहे. तू हाका मारल्यास तेही मला ऐकू आलं होतं. मी घाबरलो म्हणून उतरलो नाही. नंतर लोकांना सांगत आलो की पापांना एकटं कसं सोडणार. इतक्यांदा सांगितलं की बरंचसं खरंही वाटायला लागलं.

पापांनी त्या गाडीचा कणन् कण घासला, रंगवला, पण ते चार ओरखडे तसेच ठेवले. नजर गेल्यावर तर रोज संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर बोटानं ते शोधायचे आणि तिथे उभं राहून मला सांगायचे, "आता ती कामावरून आली असेल. आता जेवत असेल." मी त्यांना हाक मारत असायचो, पापा, जेवायला चला, भात निवतोय. रोज, ताई. तू जेवलीस की नाही हे कळल्याशिवाय या घरात कुणी जेवत नव्हतं, आणि मी समोर ताट घेऊन उभा असताना मी जेवलो का हे कुणी विचारत नव्हतं.

टूरिस्ट, हॉटेलं, सायकलींचा कंटाळा, मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं खरं आहे. पण टप कापायला पुढच्या काचेकडून सुरुवात करतात. मी तशी केली नाही. मी ग्राइंडर घेऊन उजव्या बाजूला गेलो आणि त्या चार ओरखड्यांवरच पातं ठेवलं. तिथून सुरुवात केली. चांगलं वाटलं. हे मी कबूल करतो, ते चांगलं वाटलं होतं. तो टप आता ओरेस्तेसच्या डुकरांच्या खोपटावर आहे. शोधू नकोस, त्यावर तुला काही सापडणार नाही.

तुला वाटेल एवढ्यावर संपलं.

ऑपरेशननंतर पापांच्या डोक्यातून काही गोष्टी गेल्या. मी कोण हे कळतं, तू येतेस हे पक्कं माहीत आहे, तारखेसकट. ती शुक्रवारची सकाळ मात्र गेली. टपाचं गेलं. रोज सहाला जाग येते आणि पहिला प्रश्न, "गाडी धुतलीस का? नेरेइदाला आणायचंय."

पहिले काही दिवस मी म्हणायचो, धुतली पापा. मग त्यांना तिच्यात जाऊन बसायचं असायचं. मला उचल म्हणायचे, क्रेसेन्सियोला बोलाव म्हणायचे, पलंगाची कड धरून उठायला बघायचे आणि कळवळायचे. एका सकाळी मला ते असह्य झालं आणि मी खरं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून दिवसभर पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सहाला, "गाडी धुतलीस का?"

तेव्हापासून मी रोज सांगतो. "पापा, गाडीचा टप मी कापला." आणि ते रोज पहिल्यांदाच ऐकतात. एकदा हसले, म्हणाले, तुला पाव सरळ कापता येत नाही, तू काय टप कापणार. एकदा रडले. एकदा उशाशी असलेला पेला माझ्या अंगावर फेकला, तो लागला नाही याचं मला वाईट वाटलं. एदुविहेस म्हणते, "रोज का मारतोस म्हाताऱ्याला? खोटं सांग की." ओरेस्तेसनं तर युक्तीच काढली होती: तू येशील त्या दिवशी खिडकीखाली इंजिन चालू ठेवू, त्यांना वाटेल गाडीतूनच आलीस. मी त्याला घरातून हाकलला. त्यांना दिसत नाही याचा फायदा एकदा घेतला, तेवढा पुरे. आता ते विसरतात याचाही घ्यायचा का? की खरं सांगणं हासुद्धा माझाच चोचला आहे, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून? मला कळेनासं झालंय. खोटं बोलायला मला किती चांगलं येतं ते तू पाहिलंच आहेस.

ऐकल्यावर बहुतेक वेळा ते विचारतात, "का?" आणि मी रोज वेगळं कारण देतो. टूरिस्ट. ओरेस्तेस. चॅनल मिळाले नाहीत. आज सकाळी माझ्याकडची कारणं संपली होती. मी म्हटलं, "त्याच्यावर ताईच्या ट्यूबांचे ओरखडे होते, म्हणून."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं पुन्हा झोप लागली. मग अगदी शांतपणे, आपण कुणाला रस्ता सांगतो तसं म्हणाले, "ट्यूबा दोन होत्या. एक तुझी होती."

"हो पापा."

"तू गेला असतास तर माझी गाडी राहिली असती."

मग कॉफी मागितली. मी दिली. साखर कमी आहे म्हणाले, मी आणखी घातली.

ते काय बोलले हे त्यांना आता दुपारीसुद्धा आठवत नाही. मघाशी माझा हात हातात घेऊन विचारत होते, तुझी बहीण आली की डुकराचं मांस करायचं ना, आतापासून सांगून ठेव. मी म्हटलं, सांगून ठेवतो.

तीस तारखेला मी विमानतळावर येईन, बसनं. मला ओळखायला तुला वेळ लागेल. ओळखलंस आणि तरी बाजूनं निघून गेलीस तर मी हाक मारणार नाही. पॉन्टियाक शेडमध्ये आहे, दारं दोरीनं बांधलेली. बघायची नसेल तर पुढच्या बाजूनं आत ये.

तू येईपर्यंत अजून नऊ सकाळी आहेत.

तुझ्याबरोबर जायला हवा होता तो,
एवेलियो